दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी : चार्जर कसा निवडावा आणि कसा लावावा

गाडीची चावी काढली, दारे लावली, वर आच्छादन घातले, तरी आतले घड्याळ चालूच असते. चोरीची सूचना देणारा अलार्म जागा असतो, रिमोटचा संदेश टिपणारा रिसीव्हर जागा असतो आणि निरनिराळ्या यंत्रणांचे छोटे संगणकही थोडीथोडी वीज घेत राहतात. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये हा सगळा खर्च मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर इतका असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहावा. ३० मिलिअँपिअरच्या दराने दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर खर्च होतात, म्हणजे तीस दिवसांत २१.६. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल, तर महिन्याभरात तिच्यातली जवळपास निम्मी वीज निघून गेलेली असते आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सेल्फ मारला की बॉनेटखालून नुसती टिकटिक ऐकू येते.

यात बॅटरीची स्वतःची झीज धरलेली नाही. शिसे आणि आम्लाची बॅटरी कशालाही जोडलेली नसली, तरी तिच्या प्रकारानुसार आणि वयानुसार दरमहा काही टक्के वीज आपोआप गमावते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्याहून वाईट म्हणजे उतरलेल्या स्थितीत पडून राहिल्यावर प्लेटांवर होणारा परिणाम. वीज खर्च होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते, आणि ते ताजे व बारीक असेपर्यंत चार्जिंगमध्ये सहज विरघळते; पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की त्याचे टणक स्फटिक बनतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. थंड हवामानात आणखी एक धोका असतो. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल इतके पातळ झालेले असते की ते शून्याखाली काही अंशांवरच गोठून बॅटरीचे कवच फोडू शकते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल मात्र उणे ५० अंशांनाही गोठत नाही.

तेव्हा बॅटरी भरलेली ठेवणे हे काम आहे आणि चार्जर त्या कामासाठी हवा आहे. माझ्या मते बहुतेक जण इथेच चुकतात. चार्जरच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत अँपिअरचा आकडा छापलेला असतो आणि ग्राहक तोच पाहून निवड करतो. पण गाडी साठवणीत असताना हा चार्जर पहिले दहा-बारा तास बॅटरी भरणार आणि पुढचे चार-सहा महिने भरलेल्या बॅटरीला जोडलेला राहणार. निवड त्या महिन्यांतल्या वागण्यावरून करायला हवी.

पहिली पायरी : चार्जरची खरोखर गरज आहे का

बॅटरी धडधाकट असेल आणि गाडी दोन-तीन आठवडेच उभी राहणार असेल, तर काहीच करू नये. त्याहून अधिक काळ असेल आणि गाडी उभी असते त्या ठिकाणी विजेची जोडणी नसेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिचे ऋण, म्हणजे मायनस टर्मिनल सोडून ठेवणे हा प्रामाणिक पर्याय आहे. गाडीचा खर्च त्याने थांबतो. बॅटरीची स्वतःची झीज मात्र चालू राहते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरी काढून चार्ज करावीच लागते. टर्मिनल सोडण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : रेडिओला सांकेतिक क्रमांक लागतो का, आणि बॅटरी डिकीत असेल तर वीज नसताना डिकी किल्लीने उघडते का. दुसरी गोष्ट न तपासता डिकीचे झाकण आपटणाऱ्या माणसाला आपलीच बॅटरी गाठायला मागच्या सीटमधून आत शिरावे लागते.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनावर बॅटरी पूर्ण भरत नाही, कारण शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. शिवाय इंजिन नीट तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठते. बॅटरी अर्धवट राहते ती राहतेच, आणि इंजिनालाही त्याचा त्रास होतो.

दुसरी पायरी : बॅटरीवरची चिठ्ठी वाचणे

ओल्या फडक्याने बॅटरीचा माथा पुसून चिठ्ठी नीट वाचावी. त्यावरून तीन गोष्टी कळायला हव्यात : व्होल्टेज, क्षमता आणि प्रकार. मोटार आणि मोटारसायकल बहुतेक वेळा १२ व्होल्टची असते, जुन्या काही दुचाक्या व मोटारी ६ व्होल्टच्या असतात, आणि ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. क्षमता अँपिअर-अवरमध्ये लिहिलेली असते. तिच्याशेजारी असलेला काहीशे अँपिअरचा मोठा आकडा इंजिन सुरू करण्याच्या ताकदीचा असतो, त्याचा इथे उपयोग नाही.

खरी काळजी प्रकाराची घ्यावी. माथ्यावर बुचे असतील, तर ती पाणी घालण्याची साधी बॅटरी. बुचे नसलेली सीलबंद मेंटेनन्स-फ्री बॅटरी आतून बहुधा तशाच द्रव आम्लाची असते. चालू-बंद होत राहणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांत ईएफबी (द्रव आम्लाच्या साध्या बॅटरीचाच सुधारित प्रकार) किंवा एजीएम बॅटरी असते. एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, तर जेल बॅटरीत ते घट्ट केलेले असते. चार्जिंगच्या मुख्य टप्प्यात साध्या आणि एजीएम बॅटऱ्यांना साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट चालतात. जेल बॅटरीला १४.१ ते १४.४ च्या वर नेऊ नये, कारण जास्त व्होल्टेजने जेलमध्ये बुडबुडे अडकतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. चार्जरवर आपल्या प्रकाराची निवड स्पष्ट लिहिलेली नसेल, तर तो घेऊ नये.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मुळातच वेगळी असते आणि हल्ली दुचाक्यांमध्ये ती बऱ्यापैकी दिसते. तिला सतत जोडून ठेवण्याची गरज नसते, कारण तिची आपोआप होणारी झीज फारच कमी असते. अलार्मसारखा खर्च नसेल, तर निम्म्याहून थोडी अधिक भरून टर्मिनल सोडून ठेवली तरी ती महिनोन्महिने राहते. चार्जर लावायचाच असेल, तर तो या प्रकारासाठीच बनवलेला हवा. शिशाच्या बॅटरीवरचे सल्फेट सैल करण्यासाठी काही चार्जर उंच व्होल्टेजचे ठोके देतात, ते लिथियमच्या संरक्षक सर्किटला घातक ठरू शकतात. शिवाय शून्य अंशाखाली अशी बॅटरी चार्ज करू नये.

तिसरी पायरी : बॅटरीची आजची स्थिती मोजणे

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजमाप करावे, पण गाडी चालवून आल्याबरोबर नव्हे. चार्जिंगनंतर काही तास बॅटरी वरवरचे जास्त व्होल्टेज दाखवते, म्हणून रात्रभर विश्रांती देऊन सकाळी मोजावे. साध्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव. एजीएमचे आकडे याहून एक-दोन दशांश वर असतात. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १२.३ च्या वर न टिकणारी बॅटरी म्हातारी झालेली असते. तिच्यासाठी चार्जर घेणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. आधी बॅटरी बदलावी.

गाडीचा खर्च नेहमीपेक्षा जास्त असल्याची शंका असेल, तर ऋण टर्मिनल आणि त्याची केबल यांच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावून तोही मोजता येतो. दारे बंद करून निदान अर्धा तास थांबावे, कारण गाडीतले संगणक तेवढ्या वेळाने झोपतात, आणि मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. ५० मिलिअँपिअरच्या बऱ्याच वर आकडा गेला, तर चार्जरने तो दोष झाकण्याऐवजी आधी शोधून काढावा.

चौथी पायरी : चार्जरचे वागणे पाहणे

जुन्या पद्धतीचा स्वस्त चार्जर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन-चार डायोड. त्याला बॅटरी भरली की नाही हे कळत नाही. तो थोडा प्रवाह ढकलतच राहतो. एका रात्रीसाठी तो ठीक असतो. महिनाभर लावून ठेवला, तर बॅटरीतले पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जाते, प्लेटा उघड्या पडतात आणि सीलबंद बॅटरी तर बाजूंनी फुगते. अशा चार्जरला टायमर लावून काम भागवणारे पुष्कळ आहेत. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण टायमरला बॅटरीची स्थिती दिसत नाही ही अडचण उरतेच.

आपल्याला हवा तो चार्जर टप्प्याटप्प्याने काम करतो. आधी तो ठरलेला प्रवाह देऊन बॅटरीचा मोठा भाग भरतो. मग १४.४ च्या आसपास व्होल्टेज स्थिर धरतो आणि बॅटरी घेईल तसा प्रवाह कमी होऊ देतो. त्यानंतर तो १३.२ ते १३.८ च्या दरम्यानच्या सांभाळणाऱ्या व्होल्टेजवर उतरतो, ज्याला फ्लोट म्हणतात. या पातळीवर बॅटरी भरलेली राहते आणि पाणीही जवळजवळ उडत नाही. काही चार्जर फ्लोटऐवजी पूर्णपणे थांबतात आणि व्होल्टेज १२.६-१२.७ च्या आसपास उतरले की पुन्हा थोडा वेळ जागे होतात. दोन्ही पद्धती चालतात. माहितीपुस्तिकेत फ्लोटचा आकडा दिलेला आहे का आणि महिनोन्महिने जोडून ठेवण्यास परवानगी आहे का, हे दोन प्रश्न मात्र विचारावेत. नुसते ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेले पुरेसे नाही, कारण आपोआप बंद होणारा पण आपोआप पुन्हा सुरू न होणारा चार्जरही स्वतःला ऑटोमॅटिकच म्हणवतो.

गाडी उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कडाक्याच्या थंडीत उभी राहणार असेल, तर तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा चार्जर घ्यावा. चार्जरचे आकडे २५ अंश सेल्सिअस धरून ठरवलेले असतात आणि १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी त्यावरच्या दर अंशाला साधारण दोन शतांश व्होल्ट कमी करावे लागतात. ४० अंशांना १३.६ चा फ्लोट १३.३ वर यायला हवा. न आल्यास बॅटरी रोज थोडी थोडी सुकत जाते. सम हवामानात मात्र ही सोय नसली तरी बिघडत नाही.

पाचवी पायरी : अँपिअरचा आकडा

आता खोक्यावरचा तो मोठा आकडा. गाडी ५० मिलिअँपिअर खात असेल, तर ०.८ अँपिअरचा छोटा चार्जरही त्याच्या सोळा पट देऊ शकतो. म्हणजे भरलेली मोटारीची बॅटरी नुसती सांभाळायला ०.८ ते १.५ अँपिअर पुरतात. निम्मी उतरलेली ६० अँपिअर-अवरची बॅटरी भरायची झाली, तर हाच चार्जर ३० अँपिअर-अवरसाठी निदान ३८ तास घेईल आणि शेवटच्या संथ टप्प्यामुळे दोन दिवसांच्या पुढे जाईल. घाई नसेल तर त्यात वाईट काही नाही. एकच चार्जर भरण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी हवा असेल, तर क्षमतेच्या दहाव्या भागाचा जुना ठोकताळा वापरावा : ५० अँपिअर-अवरला ५ अँपिअर. मोटारसायकलच्या ६-८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला मात्र एवढा प्रवाह देऊ नये. तिला एक अँपिअर किंवा त्याहून कमीच बरा, आणि मोठ्या चार्जरवर दुचाकीसाठी वेगळी सोय असेल तरच तो तिला लावावा.

पार बसलेल्या बॅटरीबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. आधुनिक चार्जर चिमट्यांमध्ये थोडे तरी व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाही, कारण ठिणगी टाळण्याची त्याची तीच युक्ती असते. तो सुरू झाला नाही म्हणून बिघडला असे समजू नये. माहितीपुस्तिकेत तो किती कमी व्होल्टेजपासून काम करतो ते लिहिलेले असते.

सहावी पायरी : वीज जाऊन आल्यावर काय होते

या पायरीसाठी मी स्वतः एक बॅटरी गमावली आहे. माझ्याकडचा चार्जर उत्तम होता : टप्पे, फ्लोट, उलट जोडणीपासून संरक्षण, सगळे त्यात होते. प्रकार निवडण्यासाठी त्याला एक बटण होते. ते दाबून, हिरवा दिवा लागल्याचे पाहून मी चार महिन्यांसाठी निघून गेलो. परत आलो तेव्हा चार्जरवर एक दिवा होता, पण तो केशरी. मधल्या काळात कधीतरी वीज गेली आणि आली. वीज आल्यावर चार्जर बटण पुन्हा दाबले जाण्याची वाट पाहत बसला. मल्टिमीटरवर ११.३ आले. नंतर ती बॅटरी चार्ज झाली, दोन आठवडे चालली आणि एका थंड सकाळी बसली ती बसलीच. चूक चार्जरपेक्षा माझी अधिक होती, कारण ही गोष्ट पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेली होती.

म्हणून नवा चार्जर आणल्यावर पहिल्याच दिवशी बॅटरी जोडून, प्रकार निवडून, भिंतीवरचे बटण दहा मिनिटे बंद करावे आणि पुन्हा सुरू करावे. चार्जर न सांगता त्याच प्रकारावर कामाला लागला, तर तो ठेवण्याजोगा आहे. वीज गेलेली असताना चार्जर उलट बॅटरीतूनच किती वीज खातो, तेही काही उत्पादक लिहितात. हा आकडा जितका लहान तितका चांगला.

सातवी पायरी : जागा, केबल आणि सौर पर्याय

चार्जर ओल लागेल अशा जागी असेल, तर त्यावर धूळ-पाण्यापासूनचे आयपी ६५ किंवा त्याहून वरचे संरक्षण असावे. बंद कोरड्या गॅरेजमध्ये त्याची गरज नाही. तो बॅटरीवर, आच्छादनाच्या घडीत किंवा सीटवर ठेवू नये, कारण त्याला थंड राहायला हवा लागते. जागेत हवा खेळती असावी. द्रव आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

वीज नसेल तिथे सौर पॅनेल चालते, पण सूर्य दिसेल तिथेच. आच्छादनाखालच्या गाडीच्या काचेमागे ठेवलेले छोटे पॅनेल मनाचे समाधान तेवढे देते. मोकळ्या जागी १० वॉटचे पॅनेल आणि त्याच्यासोबत चार्ज कंट्रोलर असावा. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या खाचेतून ते जोडायचे असेल, तर चावी काढल्यावर ती खाच बॅटरीशी जोडलेली राहते का ते आधी पाहावे. बऱ्याच गाड्यांत ती तुटते.

आठवी पायरी : जोडणी

साध्या बॅटरीची बुचे उघडून प्लेटा पाण्याखाली आहेत याची खात्री करावी. उघड्या असतील तर त्या झाकण्यापुरतेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि पूर्ण पातळी चार्जिंगनंतर करावी, कारण चार्ज होताना पातळी वर येते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल, तर ती कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवावी, बुचे घट्ट लावूनच.

मग चार्जरचा प्लग बाहेर असतानाच लाल चिमटा धन टर्मिनलला लावावा आणि काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या किंवा चासीच्या रंग नसलेल्या धातूला. बऱ्याच नव्या गाड्यांच्या ऋण टर्मिनलवर काड्यापेटीएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीत येणारी-जाणारी वीज मोजत असतो, आणि काळा चिमटा थेट टर्मिनलवर लावला तर चार्जरने भरलेली वीज त्याच्या हिशेबात येतच नाही. अशा गाडीत चासीलाच जोडणे आवश्यक आहे. सगळ्यात शेवटी प्लग लावावा. काढताना आधी प्लग, मग काळा, मग लाल असा क्रम ठेवावा.

गाडी दरवर्षी उभी राहणार असेल, तर चिमट्यांऐवजी चार्जरसोबत मिळणारी, गोल कड्यांची आणि फ्यूज असलेली कायमची केबल टर्मिनलवर (सेन्सर असलेल्या गाडीत काळी कडी चासीवर) बोल्टने पक्की करावी आणि तिचे टोक बॉनेटच्या जाळीजवळ आणून ठेवावे. चिमटा धक्क्याने निसटतो, बोल्टने बसवलेली कडी निसटत नाही. उंच व्होल्टेज देणारी ‘दुरुस्ती’ची सोय वापरायची झाली, तर मात्र आधी बॅटरी गाडीपासून पूर्ण सोडवावी, कारण पंधरा-सोळा व्होल्ट गाडीतल्या संगणकांसाठी नाहीत.

पहिल्या दिवशी चार-सहा तासांनी बॅटरीला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. गरम लागत असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर भिंतीवरून वीज बंद करून हवा खेळू द्यावी आणि ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. सगळे ठीक असल्यास पुढे महिन्यातून एकदा दिवा पाहावा आणि टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे : फ्लोटवर १३ च्या वर आकडा दिसायला हवा. साध्या बॅटरीचे पाणी दोन महिन्यांनी पाहावे. दोन गाड्या आणि एकच चार्जर असेल, तर तो आठवड्याच्या पाळीने फिरवावा. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी त्याच्या चिमट्यांना जोडू नयेत.

आणि गाडीची चावी चार्जरच्या वायरीलाच अडकवून ठेवावी. चार महिन्यांनी घाईत गाडी काढताना प्लग भिंतीत आणि केबल बॉनेटखाली विसरणारे कमी नसतात. चावी हवी असेल तर आधी वायरीपर्यंत जावेच लागते.